ॲल्युमिना: सूत्र एक, स्वभाव दोन

ॲल्युमिनाच्या बाटलीत दिसते ती साधी पांढरी पूड. ॲल्युमिनियमचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन, एवढंच तिचं सूत्र. पण बाटलीवर नुसतं ‘ॲल्युमिना’ लिहिलेलं असेल, तर मी ती प्रयोगाला घेणार नाही. पूड किती तापवलेली आहे, हे आधी कळायला हवं.

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड काही शे अंशांवर तापवलं की त्यातलं पाणी निघून जातं आणि मागे असंख्य सूक्ष्म छिद्रं उरतात. हे गॅमा रूप. अशा चिमूटभर, एक ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरांच्याही वर जातो. हीच पूड सुमारे 1200 अंश सेल्सिअसपर्यंत नेली, की छिद्रं मिटतात, अणू घट्ट रचले जातात आणि अल्फा रूप तयार होतं. निसर्गात यालाच कुरुंद म्हणतात. त्यात क्रोमियमचा अंश आला की माणिक. दहापर्यंतच्या मोह्स मोजपट्टीवर काठिण्य हिऱ्याच्या खालोखाल 9, वितळणबिंदू 2072 अंश. म्हणून भट्टीतल्या मुशी याच्या करतात आणि 0.3 मायक्रॉनच्या पुडीवर इलेक्ट्रोड आरशासारखे घासतात.

माझा जीव मात्र गॅमा रूपात अडकलेला आहे. काचेच्या नळीत ही पूड भरून वरून मिश्रण ओतलं, की प्रत्येक रेणू तिला कमी-जास्त चिकटतो आणि वेगवेगळ्या वेळी खाली उतरतो. तिची पकड पाण्यावर ठरते. पूर्ण कोरडी पूड पहिल्या दर्जाची. 3 टक्के पाणी घातलं की दुसऱ्या, 15 टक्क्यांना पाचव्या. झाकण उघडं राहिलं, तर हवेतला ओलावा हेच काम आपल्या नकळत करतो. पूड आम्लधर्मी, अल्कधर्मी की उदासीन, हेही पाहावं लागतं. अल्कधर्मी पूड जुन्या ईथरमधली स्फोटक पेरॉक्साइडं काढून टाकते, पण नाजूक रेणूंची मोडतोडही करू शकते.

1990 मध्ये ससेक्स विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ हॅरी क्रोटो यांच्या गटाने कार्बनच्या काजळीचा अर्क अशाच नळीतून हेक्झेनसोबत सोडला. लालसर द्रावणाचे दोन पट्टे झाले: एक किरमिजी, साठ अणूंच्या रेणूचा; दुसरा गडद लाल, सत्तर अणूंचा. साठ अणूंचा रेणू चेंडूसारखा असावा, असा अंदाज आधीपासून होता. किरमिजी भागाच्या चुंबकीय अनुस्पंदन (NMR) वर्णपटात, जिथे वेगळ्या जागी बसलेल्या अणूंच्या रेघा वेगळ्या दिसतात, कार्बनची एकच रेघ उमटली. साठही अणू अगदी सारख्या जागी बसलेले होते, म्हणजे तो रेणू खरोखरच चेंडूसारखा होता.