सात पिना आणि एक कॉइन बॉक्स

नवी पेठेतल्या मामांच्या दुकानाचा माळा आवरताना एक लाल कॉइन बॉक्स सापडला. रुपया टाकून बोलायचा तो फोन. हलवला की आत नाणी खुळखुळायची, पण किल्ली कुठं आहे ते मामांनाही आठवेना. बाजूला गोल कुलूप होतं. मधोमध एक खुंटी, तिच्याभोवती अंगठीसारखी फट, आणि फटीच्या तोंडाशी गोलाकार मांडलेले सात चकचकीत ठिपके. डबा पिशवीत घातला आणि भर उन्हात फुटपाथवरच्या चावीवाल्या चाचांकडं गेलो.

त्यांनी आधी डब्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "कुणाचं हाय ओ हे?" मामांशी फोनवर बोलणं झालं, तेव्हाच त्यांनी डबा हातात घेतला.

अशा कुलपाची गोल किल्ली तुम्ही पाहिलेली असते, फक्त लक्षात राहिलेली नसते. नळीचा तुकडा, टोकाला बारीक-मोठ्या खाचा. 1984 साली आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटीला पुढच्या बाजूला असंच कुलूप होतं, आणि नंतर कितीतरी वर्षं कॉम्प्युटरच्या डब्यांवर ते दिसायचं. आमच्या क्लासमध्ये तर एका मशीनची किल्ली शेजारच्या मशीनला बिनबोभाट लागायची, त्यामुळं कुलूप लावण्यामागचा हेतू मला तेव्हाही कळला नव्हता.

दाराच्या साध्या कुलपात पिना, म्हणजे धातूच्या बारीक दांड्या, एका ओळीत उभ्या असतात. इथं त्याच पिना गोलात मांडून आडव्या झोपवल्यात; ते सात ठिपके म्हणजे त्यांचीच टोकं. प्रत्येक भोकात दोन पिना एकामागं एक असतात आणि त्यांच्या मागं स्प्रिंग. पुढच्या पिना फिरणाऱ्या भागात, मागच्या पिना आणि स्प्रिंगा न फिरणाऱ्या भागात, आणि दोन्ही भागांच्या मध्ये एक सपाट सांधा. किल्ली नसताना स्प्रिंग मागच्या पिनेला पुढं रेटते, ती सांध्यावर आडवी येते आणि कुलूप अडतं. किल्लीची प्रत्येक खाच आपापल्या जोडीला इतकंच आत ढकलते, की दोन पिनांमधली फट बरोबर सांध्यावर यावी. सातही फटी सांध्यावर आल्या की पुढचा भाग फिरतो. खाच किती खोल याच्या आठ पायऱ्या धरल्या आणि एका पायरीत साधारण 0.4 मिलिमीटरचा फरक, तर कागदावर सात पिनांच्या 20,97,152 जुळण्या होतात.

मग चाचा त्यातली एक शोधणार कशी?

शोधायची नसते, हीच गंमत आहे. भोकं पाडताना कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी ती केसभर इकडं-तिकडं होतातच. म्हणून पुढच्या भागाला हलका पीळ दिला की सातही पिना एकदम अडत नाहीत. आधी एखादी अडते, ती जागेवर बसली की दुसरी. कुलूप अगदी निर्दोष बनवता आलं असतं तर पिनांनी काहीच सांगितलं नसतं.

चाचांच्या हातातलं अवजार जाड पेनाएवढं होतं. टोकाला नळी, नळीभोवती सात चरांत सात पोलादी पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांना आवळून धरणारी एक रबरी कडी. कडीवरचा कॉलर फिरवला की पकड घट्ट किंवा सैल होते. सुरुवातीला पट्ट्यांची टोकं नळीच्या तोंडाशी समपातळीत आणायची, नळी फटीत बसवायची, अगदी हलका पीळ देत आणि डावी-उजवीकडं किंचित हलवत सावकाश आत दाबत जायचं. पट्ट्या पिनांना मागं ढकलतात. एखाद्या पिनेची फट सांध्यावर आली की पुढचा भाग तसूभर सरकतो. मग ती पिन मागच्या भोकाच्या काठावर अडते आणि आत जायचं नाव घेत नाही. आता मागं हटायचं कुणी? पट्टीनं. ती रबराच्या पकडीतून घसरते. बाकीच्या पट्ट्या आपापल्या पिना ढकलतच राहतात.

म्हणजे सगळं घर्षणाच्या मापावर आहे. पट्टीची पकड स्प्रिंगेपेक्षा जास्त हवी, नाहीतर स्प्रिंगच पट्टीला बाहेर लोटेल. पण अडलेल्या पिनेच्या विरोधापेक्षा कमी हवी, नाहीतर पट्टी पिनेला सांध्यापार दामटेल. या दोन मर्यादांमधली जागा फार अरुंद आहे. मी डब्यावर हात ठेवून बघत होतो तेवढ्यात चाचांनी अवजार माझ्याकडं दिलं. मी अर्थातच जास्त पिळलं. "जोर लावू नका ओ, त्याला बोलू द्या जरा."

अवजार निवडायचं म्हणजे मोजायचं, बस. पिना सात का आठ, फटीची रुंदी किती, आणि किल्लीचं नाक बसायची खाच पिनेच्या रेषेत आहे का डावी-उजवीकडं सरकलेली. सर्रास आढळणाऱ्या सात पिनांच्या मापात किल्लीची नळी बाहेरून साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास भरते. माप चुकलं तर पट्टी दोन पिनांच्या मधल्या पत्र्यावर आपटते, आणि कितीही कौशल्य असलं तरी उपयोग नाही. स्वस्त अवजाराच्या पट्ट्या लवकर वाकतात, असं चाचांचं मत. त्यांचं स्वतःचं अवजार जुनं होतं आणि कॉलरवर सुतळी गुंडाळलेली होती.

एकेक पिन साध्या आकड्यानं दाबून हे कुलूप उघडता येतं, पण त्यात एक छळ आहे. पुढचा भाग थोडा फिरला की पिना शेजारच्या भोकांसमोर येतात, स्प्रिंगा पुन्हा रेटतात आणि कुलूप पुन्हा लागतं. पूर्ण फिरेपर्यंत तेच काम परत परत. नळीवालं अवजार मात्र सातही पिनांना धरूनच फिरतं.

2004 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत या जातीच्या कुलपांची मोठी शोभा झाली. क्रिप्टोनाइट कंपनीची सायकलची दणकट कुलपं बिक बॉलपेनाच्या रिकाम्या नळीनं उघडतात हे लोकांनी इंटरनेटवर करून दाखवलं. पेनाची नळी मापात बसत होती आणि प्लॅस्टिक मऊ होतं, म्हणून अडलेल्या पिना त्यातच आपली खाच पाडून घेत होत्या. कंपनीला ग्राहकांना कुलपं फुकट बदलून द्यावी लागली. चांगले कारखानदार म्हणून एक-दोन स्प्रिंगा मुद्दाम कडक घालतात, म्हणजे पकडीचं एकच माप सगळ्या पिनांना चालत नाही. काही जण मागच्या पिना कमरेत बारीक करतात, त्या मधेच अडकून फसवा पीळ देतात.

आमच्या कॉइन बॉक्सला असली काही हुशारी नव्हती. चाचांनी कॉलर किंचित सैल केला, दोनदा हात हलवला, आणि खट् करून दार सुटलं. अवजार बाहेर काढलं तेव्हा सात पट्ट्या सात उंचीवर उभ्या होत्या, हार्मोनियमच्या दाबलेल्या पट्ट्यांसारख्या. चाचांनी कॉलर आवळून त्या तशाच पक्क्या केल्या. त्यावरून मापं घेऊन नवी किल्ली संध्याकाळपर्यंत होईल म्हणाले.

डब्यात एकेचाळीस रुपये निघाले. आणि रुपयाच्याच मापाचे तीन वॉशर. मामा ते हातात घेऊन बराच वेळ कुणाचे असतील ते आठवत बसले होते.