मोटारगाडी सुरू न होणे : दोषनिदान (जुनी पेट्रोल वाहने)

कार्ब्युरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंट (संपर्क-भंजक, म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह जोडणारी-तोडणारी संपर्कजोडी) असलेले पेट्रोल इंजिन चालू होत नसल्यास दोषाची जागा शोधून काढण्याची पद्धत. अशा गाड्यांत संगणकीय नियंत्रक नसल्यामुळे दोषाची नोंद कोठेही होत नाही. मिस्त्रीचे कान, नाक, एक बारा व्होल्टचा दिवा आणि दोन-चार पाने एवढ्यावर निदान करावे लागते. भारतात ही पद्धत मुख्यतः उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट 1100 व तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी या गाड्यांवर रुळली. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते, त्यामुळे त्यांचे निदान वेगळे असते.

पाठ्यपुस्तकांत ‘ठिणगी-गुडदी’, ‘प्रवर्तन वेटोळे’, ‘धारित्र’ असे शब्द आढळतात. गॅरेजात ते कोणी वापरत नाही. तेथे अनुक्रमे प्लग (सिलिंडरात ठिणगी पाडणारा), कॉइल (बॅटरीचा विद्युतदाब ठिणगीपुरता वाढवणारी) आणि कंडेन्सर म्हणतात. या नोंदीत गॅरेजातलेच शब्द ठेवले आहेत.

प्राथमिक भेद : सेल्फ (स्टार्टर मोटर) इंजिनाला फिरवतो की नाही, हा पहिला प्रश्न. हेडलाइट लावून सेल्फ मारला असता दिवे एकदम विझले, तर बॅटरी मेली आहे असे मानण्याची घाई होते. पुष्कळदा बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार किंवा सैल अर्थिंग (बॅटरी व गाडीच्या सांगाड्यामधील जोड) हेच कारण असते. दिवे मंद होऊन सेल्फ कण्हत राहिला, तर बॅटरी उतरलेली असते किंवा सेल्फ अडकलेला असतो. दिवे तसेच लख्ख राहिले आणि आवाजच झाला नाही, तर स्विच किंवा सोलेनॉइडकडे (सेल्फला प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचकडे) पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि तिच्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व साधारण 1.26 ते 1.28 असते. मात्र 12.6 चा हा आकडा सेल्फ फिरत असतानाच्या विद्युतदाबाबद्दल काही सांगत नाही. भार पडल्यावर दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला, तर सेल्फ कसाबसा फिरूनही कॉइलला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि दोष बॅटरीचा असताना प्लग बदलले जातात.

सेल्फ नीट फिरत असेल, तर करंट येत नाही की पेट्रोल येत नाही एवढेच पाहायचे उरते. प्लग काढून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून सेल्फ मारतात. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी व मरगळलेली ठिणगी हवेत दिसली, तरी सिलिंडरातील दाबाखाली पडेलच असे नाही. प्लग पेट्रोलने ओला असेल तर गाडी ओव्हर झालेली (सिलिंडरात जास्त पेट्रोल गेलेले) असते, कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचलेले नसते. ही चाचणी करताना आसपास सांडलेले पेट्रोल असता कामा नये.

कंडेन्सर : ठिणगीच्या दोषांत सर्वांत फसवा भाग हाच. पॉइंटवर समांतर जोडलेल्या या घटकाची धारिता साधारण 0.2 मायक्रोफॅरड असते. कॉइलच्या खंडकावर (प्रवाह तोडणाऱ्या भागावर) असा कंडेन्सर जोडण्याची सूचना फ्रेंच भौतिकीविद फिझो यांनी 1853 मध्ये केली, म्हणजे मोटारगाडीच्या कितीतरी आधी. मूळ कॉइलचे श्रेय आयर्लंडमधील मेनूथचे निकोलस कॅलन यांना द्यावे की अमेरिकेतील चार्ल्स पेज यांना, याविषयी मतभेद आहेत. दोघांचे काम 1836 च्या सुमाराचे आहे आणि ते स्वतंत्रपणे झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कंडेन्सरचे काम ‘पॉइंट जळू न देणे’ असे मिस्त्री सांगतात. ते खोटे नाही, पण दुय्यम आहे. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात, बॅटरीकडचे प्राथमिक आणि प्लगकडचे दुय्यम. प्राथमिक वेटोळ्यातून सुमारे 3 ते 4 अँपिअर प्रवाह वाहत असतो. पॉइंट उघडताच हा प्रवाह फटीतून ज्योतीच्या रूपाने चालूच राहू पाहतो. तसे झाले तर चुंबकीय क्षेत्र सावकाश कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात पुरेसा विद्युतदाब निर्माण होत नाही. फट रुंदावेपर्यंतच्या अत्यल्प वेळात कंडेन्सर तो प्रवाह स्वतःकडे घेतो. क्षेत्र झटक्यात कोसळते, प्राथमिक बाजूस दोन-तीनशे व्होल्ट आणि दुय्यम बाजूस पंधरा-वीस हजार व्होल्ट मिळतात. म्हणून कंडेन्सर तुटला की पॉइंटवर मोठी निळी ठिणगी आणि प्लगवर जवळजवळ काहीच नाही, असे दिसते. कंडेन्सर आतून शॉर्ट झाला तर पॉइंट उघडल्याचा परिणामच होत नाही. तिसरा प्रकार सर्वांत त्रासदायक: थंड असताना ठीक, तापल्यावर गळणारा. सकाळी सुरू होणारी गाडी दुपारी पेट्रोल भरून परत सुरू होत नाही, यामागे पुष्कळदा असा कंडेन्सर किंवा तापून बिघडणारी कॉइल असते. दोष मात्र पेट्रोलवर ढकलला जातो.

पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा व दुसऱ्यावर टेंगूळ दिसल्यास त्यावरून कंडेन्सरची धारिता कमी की जास्त हे ठरविण्याचा नियम काही माहितीपुस्तकांत देत असत. पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव अर्थ केलेला असे आणि नंतर ऋण, त्यामुळे नियम उलटापालटा होतो. चांगल्या कंडेन्सरशी अदलाबदल करून पाहणे अधिक भरवशाचे. पॉइंटची फट गाडीनुसार साधारण 0.35 ते 0.5 मिमी ठेवतात. काही गाड्यांत चावी सोडताच इंजिन बंद पडते. तेथे बहुधा कॉइलच्या वाटेवरील बॅलास्ट रोध (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा) तुटलेला असतो.

पावसाळ्यात डिस्ट्रीब्युटरच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाच्या) टोपीत ओल धरते व करंट भलतीकडे वाहतो. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसणे हा उपाय मुंबई-कोकणातील चालकांना सांगावा लागत नाही.

इंधन : पंप यांत्रिक असेल तर त्याला बहुधा हाताने चालवण्याचा छोटा दांडा असतो. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांतील विजेच्या पंपाचे स्वतःचे पॉइंट असतात. ते चिकटले की टकटक थांबते आणि पान्याने हलकेच ठोकल्यास पुन्हा सुरू होते. बोर घाटात गाडी बंद पडल्यावर पंपावर ओले फडके ठेवण्याची रीत वाफेमुळे होणाऱ्या अडथळ्यावर आहे: तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफ ओढू लागतो. भारतात 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे मिश्रण विक्रीस आले. जुन्या रबरी नळ्या व पडदे त्याला साजेसे नसल्याने फुगतात किंवा सुटतात आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) कचरा येतो.

इतिहास : बॅटरी-कॉइल ज्वलन व विजेचा सेल्फ यांचे श्रेय सर्वसाधारणपणे अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांना दिले जाते. त्यांचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकवर बसला. हे श्रेय उत्पादनयोग्य रूपापुरते मर्यादित ठेवणे योग्य: इंग्लंडमध्ये अर्नोल्ड गाडीवर डाउसिंग यांनी 1896 च्या सुमारास विजेचा स्टार्टर बसवला होता आणि क्लाइड कोलमन यांना 1903 मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले होते. हँडलने गाडी सुरू करताना उलटा झटका बसून मोटार-उत्पादक बायरन कार्टर यांना दुखापत झाली, ते दगावले आणि म्हणून सेल्फ जन्माला आला, ही कथा अमेरिकेतील डेट्रॉइटजवळच्या बेल आयलच्या पुलाशी जोडतात. काही लेखक तिचे साल 1910 देतात. कार्टर यांचे निधन मात्र 1908 मध्येच झाले होते. कथेचा गाभा खरा असू शकेल, तपशील विश्वसनीय नाहीत. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवण्याचा नियम मात्र त्या झटक्यामुळेच आला.

स्कूटर : आकुर्डीच्या बजाज चेतकसारख्या (1972) स्कूटरांत किक मारण्यापूर्वी गाडी बाजूला आडवी करण्याची चाल सर्वज्ञात आहे. ‘तेल पेट्रोलात मिसळते म्हणून’ हे स्पष्टीकरण पटण्यासारखे नाही, कारण तेल-पेट्रोलाचे मिश्रण टाकीतच झालेले असते. आडवे केल्याने कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उसळून सेवन-मार्गात (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत) जाते आणि हवा-पेट्रोलाचे मिश्रण क्षणभर दाट होते, चोक ओढल्यासारखे. तीनदा आडवी करूनही न पेटल्यास प्लग ओला झालेला असतो. तो काढून पुसावा.