प्रेमपत्राच्या पोटातला ‘स’

जर्मनमध्ये प्रेमपत्राला ‘लीबेस्ब्रीफ’ म्हणतात. ‘लीबे’ म्हणजे प्रेम, ‘ब्रीफ’ म्हणजे पत्र. मग मधला ‘स’ कुठून आला? व्याकरणाची पुस्तकं त्याला ‘सांधणारा वर्ण’ म्हणून दोन ओळींत मोकळी होतात. मला मात्र वाटतं, जर्मन शब्द कसे घडत गेले याचा मोठा भाग या एका वर्णातच साठलेला आहे.

जुन्या जर्मनमध्ये षष्ठीचं पद मराठीसारखं नामाच्या आधी येई. ‘दिवसाचा प्रकाश’, तसं ‘देस टागेस लिश्ट’. मध्ययुग सरता सरता हा क्रम उलटला आणि षष्ठीचं पद नामानंतर जाऊ लागलं. पण तोंडात बसलेल्या जुन्या जोड्या सुटल्या नाहीत. त्या एकमेकींना चिकटल्या आणि ‘टागेस्लिश्ट’ हा एकच शब्द झाला. षष्ठीचा प्रत्यय आत तसाच राहिला. शाळेतला अलुक् तत्पुरुष आठवून पाहा: ‘वाचस्पती’त समास होऊनही विभक्तीचा लोप होत नाही, तिचा ‘स्’ अजून ऐकू येतो. तसंच हे.

पुढे जे घडलं ते जास्त विलक्षण आहे. ‘लीबे’ स्त्रीलिंगी, आणि आजच्या जर्मनमध्ये अशा स्त्रीलिंगी नामाच्या षष्ठीला ‘स’ लागतच नाही. तरी तो तिथे आहे. कारण बोलणाऱ्यांना त्यात विभक्ती दिसेनाशी झाली होती. दोन शब्दांमधला टाका एवढंच त्याचं काम उरलं होतं. ‘फ्रायहाइट’ म्हणजे स्वातंत्र्य, ‘आर्बाइट’ म्हणजे काम. या स्त्रीलिंगी शब्दांपुढे दुसरं नाम जोडलं की बहुधा हा टाका पडतो.

प्रत्ययांचा इतिहासही असाच झिजण्याचा आहे. ‘फ्रायहाइट’मधलं ‘हाइट’ हे एके काळी स्वतंत्र नाम होतं. दर्जा, रीत, स्थिती असे त्याचे अर्थ. ‘फ्रॉइंटलिश’ म्हणजे स्नेहाळ. त्यातल्या ‘लिश’चा मूळ अर्थ शरीर, रूप. म्हणजे मुळात ‘मित्राच्या रूपाचा’. त्याच मुळातून आलेला ‘लाइशे’ हा शब्द आज वेगळाही वापरात आहे, पण त्याचा अर्थ आहे प्रेत.

या सामग्रीतून जाणीवपूर्वक शब्द घडवायला सुरुवात झाली ती भक्तिमार्गी लेखकांकडून. 1300च्या आसपास माइस्टर एकहार्ट आणि त्यांच्या परंपरेतले लोक लॅटिनमधलं अध्यात्म लोकांच्या भाषेत सांगू पाहत होते, आणि त्यासाठी शब्द नव्हते. मग त्यांनी लॅटिन शब्दाची शिवण उसवून प्रत्येक तुकड्याला जर्मन तुकडा जोडला. आत आणि वाहणं मिळून ‘आइनफ्लुस’, म्हणजे प्रभाव. आत आणि दाबणं मिळून ‘आइनड्रुक’, म्हणजे मनावरचा ठसा. आजचा जर्मन माणूस हे शब्द दिवसभर वापरतो.

सतराव्या शतकात याची चळवळ झाली. 1617 साली वायमार इथे भाषेच्या जोपासनेसाठी एक संस्था निघाली. दुसऱ्याच वर्षी तीस वर्षांचं युद्ध पेटलं. देश उद्ध्वस्त होत होता आणि ही मंडळी शब्दांसाठी झटत होती. याच मंडळातल्या युस्टुस गेओर्ग शोटेलिउस यांनी 1663 साली जर्मन भाषेवर प्रचंड ग्रंथ काढला. भाषेची श्रीमंती मूळ धातुशब्दांत आणि ते जोडण्याच्या सोयीत आहे, असं त्यांनी ठासून मांडलं.

त्यांचे समकालीन फिलिप फॉन त्सेझन तर शब्द पाडणारे कारागीरच. ‘लायडन’ म्हणजे सोसणं. त्याला ‘शाफ्ट’ प्रत्यय लावून उत्कट ओढीसाठी ‘लायडनशाफ्ट’. तोंड आणि तऱ्हा मिळून बोलीभाषेसाठी ‘मुंडआर्ट’. हे दोन्ही त्यांच्या नावावर आहेत आणि पक्के रुळले आहेत. खिडकीचं ‘फेन्स्टर’ मात्र लॅटिनमधून आलेलं, म्हणून त्यांनी ‘टागेलॉइश्टर’ सुचवलं, म्हणजे दिवसाचा दीप. मला तो शब्द फार सुंदर वाटतो. लोकांनी घेतला नाही.

पुढे योआखिम हाइनरिश काम्पे यांनी 1801 साली परकीय शब्दांना जर्मन पर्याय देणारा कोश केला. तळमजल्याचा ‘एर्डगेशोस’ त्यांचा. 1874च्या सुमारास टपाल खात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांनी खात्यातले 700च्या वर शब्द बदलले. रेल्वेनेही तोच रस्ता धरला: फलाटाला ‘पेराँ’ऐवजी ‘बानश्टाइग’, डब्यातल्या कप्प्याला ‘कूपे’ऐवजी ‘आबटाइल’. हुकूम जर्मनीत चालला, सीमेपलीकडे नाही. स्वित्झर्लंडमध्ये लोक अजून ‘पेराँ’वरच उभे राहतात.

त्या ‘स’विरुद्धही एक लढाई झाली. कादंबरीकार ज्याँ पाउल यांना तो निरर्थक आणि कानाला बोचणारा वाटे. 1820 साली त्यांनी जोडशब्दांवर स्वतंत्र पुस्तक काढलं, आणि स्वतःच्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांतून हे ‘स’ निवडून काढून टाकले. हे केवढं चिकाटीचं काम असेल! भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी त्यांना विरोध केला. ग्रिम यांची नजर इतिहासाची होती: वर्ण असा का आला हे आधी पाहावं, चूक कुठली हे मागाहून. भाषा ग्रिम यांच्या बाजूने गेली.

1999 साली मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने एक कायदा केला. गोमांसाच्या लेबलांवर देखरेख ठेवण्याची कामं कोणाकडे सोपवायची, एवढाच त्याचा विषय. पण कायद्याच्या नावात 63 अक्षरांचा एकच शब्द होता. लेबल लावणं, देखरेख, सोपवणूक: त्यातली ही तिन्ही नामं स्त्रीलिंगी, आणि तिन्हींच्या पुढे ‘स’. कायदा 2013 साली रद्द झाला. ‘स’ आहे तिथेच आहे.