१ सप्टेंबरचा आपत्ती सराव (जपान)

जपानमध्ये दरवर्षी १ सप्टेंबरला (बोसाई नो ही, म्हणजे आपत्ती प्रतिबंध दिन) शाळा, ऑफिसं, नगरपालिका आणि गल्लीतली मंडळं जी मॉक ड्रिल करतात ती. हा दिवस १९६० मध्ये सरकारनं ठरवला.

तारीख हीच का, यावर दोन मतं आहेत. पहिलं कांतो (टोकियोच्या परिसरातल्या) भूकंपाचं: १ सप्टेंबर १९२३, सकाळचे ११:५८, घरोघरी स्वयंपाक चालू, त्यामुळे पडझडीपेक्षा आगीनंच जास्त माणसं गेली. जुन्या पुस्तकांत बळी १,४०,००० च्या वर दिलेत, पण त्यात बेपत्ता लोक दोनदा मोजले गेले असावेत, आता साधारण १,०५,००० धरतात. दुसरं मत वादळाचं: सप्टेंबर १९५९ च्या इसे-वान चक्रीवादळात ५,००० च्या आसपास लोक गेले आणि पुढच्याच वर्षी हा दिवस आला, शिवाय जुन्या पंचांगातला वादळाचा '२१० वा दिवस' पण याच सुमारास पडतो. तारीख भूकंपाची, निमित्त वादळाचं, हे जास्त पटतं.

शाळेत खुर्चीवर बसायला म्हणून जी जाड गादी असते तीच उलगडली की डोक्यावरची टोपी होते (बोसाई झुकिन). इशारा झाला की पोरं बाकाखाली जातात, बाकाचा पाय घट्ट धरतात, मग रांगेनं मैदानात. ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही.

त्सुनामीत मात्र पळायचंच असतं. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत, ईशान्य जपानच्या किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरात, उनोसुमाई भागातली शाळकरी पोरं ठरलेल्या जागेवर पोचली, तिथं मागची दरड ढासळताना दिसली म्हणून थांबली नाहीत, आणखी वर गेली आणि वाचली. शाळा नकाशातल्या धोक्याच्या पट्ट्याबाहेर होती, तरीही ती निघाली होती. याला लोक 'चमत्कार' म्हणतात, पण ते चूक वाटतं, ही पोरं कित्येक वर्षं शिकलेली होती.

त्याच उनोसुमाईत उलटंही घडलं, आणि सरावाबद्दल बोलताना हे सांगायलाच हवं. त्सुनामीत जायची ठरलेली खरी जागा लांब, म्हणून ३ मार्चच्या सरावात लोकांना जवळच्या आपत्ती केंद्रात जमवलं होतं, जास्त लोक यावेत म्हणून. आठ दिवसांनी लोक सवयीनं तिथंच गेले. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलं, १६० च्या वर माणसं गेली असा अंदाज आहे. ते केंद्र त्सुनामीसाठी ठरवलेलं नव्हतंच.

कॅलिफोर्नियात २००८ ला सुरू झालेला 'शेकआउट' हा भूकंपाचा सराव याच जातीचा, पण त्यात भर खाली बसा, डोकं झाका, धरून राहा यावरच.