पत्राने बोलावलेला आणि पॅकेजमध्ये सापडलेला पीएसए

पीएसए म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीच्या कॅन्सरचा माग काढणारी रक्तचाचणी. पुण्यात पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला ती भेटते बहुधा ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये. साखर, लिपिड, थायरॉइड, आणि मागच्या पानावर कुठेतरी प्रोस्टेटचा आकडा. यालाही स्क्रीनिंगच म्हणतात, म्हणजे त्रास नसताना केलेली चाळणी. रक्त तेच, चाचणी तीच. पण निमंत्रण पाठवून केलेल्या चाळणीशी त्याची गल्लत करू नये.

निमंत्रणाच्या मागे यादी असते. ठरावीक वयाच्या प्रत्येकाला पत्र जातं, म्हणून कोण आलं नाही हेही मोजता येतं. ब्रिटनच्या ‘कॅप’ या संशोधनात ५० ते ६९ वयाच्या १ लाख ८९ हजारांच्या गटातून पीएसए झाला ३६ टक्क्यांचा. फिनलंडच्या ‘प्रोस्क्रीन’ या अशाच अभ्यासात ५१ टक्के आले. येणाऱ्यांत विवाहित, शिकलेले, बऱ्या मिळकतीचे जास्त. एकटे राहणारे आणि गरीब वस्त्यांतले कमी. न येणाऱ्यांचा इतर आजारांनी होणारा मृत्यूही जास्तच असतो. त्यामुळे ‘तपासलेले जास्त जगले’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. आलेले मुळात धडधाकट असतात. म्हणूनच युरोपच्या मोठ्या अभ्यासात बोलावलेला अख्खा गट न बोलावलेल्या गटाशी ताडला. २३ वर्षांनंतर हिशेब निघाला: ४५६ जणांना बोलावल्यावर प्रोस्टेट कॅन्सरचा एक मृत्यू टळतो. भागाकार बोलावलेल्यांचा आहे, रक्त दिलेल्यांचा नव्हे.

पॅकेजला यादीच नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. मग उरतात कंपनीचं चेकअप, मुलीने ऑनलाइन भरलेले पैसे, सोसायटीतलं शिबिर. कोथरूडचे निवृत्त काका दरवर्षी रक्त देतात. मार्केट यार्डातल्या हमालाला कुणी विचारत नाही, आणि तो राहिला हे कुठे नोंदलंही जात नाही.

दुसरा फरक रक्त काढण्याआधीचा. नीट चालवलेल्या कार्यक्रमात फायदे-तोटे आधी सांगतात. घरी आलेला लॅबवाला फक्त ‘उपाशी आहात ना?’ एवढं विचारतो, आणि पीएसएला नेमकी त्याचीच गरज नसते. विचारायला हवं ते वेगळंच. रविवारी सायकलने सिंहगड केला असेल किंवा वीर्यस्खलन झालं असेल तर ४८ तास थांबावं. लघवीचा संसर्ग झाला असेल तर सहा आठवडे. वाढलेल्या प्रोस्टेटवरची फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड ही औषधं चालू असतील तर सहा महिन्यांत आकडा साधारण निम्म्यावर येतो; ‘नॉर्मल’ पाहून निर्धास्त होणारे इथेच फसतात. वाढीव आकडा आला तरी काही आठवड्यांनी पुन्हा मोजावा, मग गरज पडल्यास एमआरआय, बायोप्सी त्यानंतर.

वयाचंही तसंच. निमंत्रण साधारण सत्तरीच्या आत थांबतं. पॅकेजला वरची मर्यादा नसते, म्हणून ब्याऐंशीच्या आजोबांचाही पीएसए होतो, आणि त्यांना आयुष्यात कधी त्रास दिला नसता असा कॅन्सर कागदावर येतो.