बालछळ आणि हेळसांड : व्याख्येची अडचण

लहान मुलांचा छळ आणि हेळसांड म्हणजे नेमकं काय, हे सगळ्यांना पटेल अशा एका वाक्यात आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये एक मोठी व्याख्या केली. तिच्यात मारहाण, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, हेळसांड, मुलांकडून करून घेतलेली कामं असं सगळं आलं, आणि इजा झालीच पाहिजे असं नाही, मुलाच्या तब्येतीला, वाढीला किंवा सन्मानाला धोका असला तरी पुरे, असंही तिच्यात आहे. वाचायला बरं वाटतं, पण डॉक्टर, पोलीस, न्यायाधीश आणि शेजारच्या काकू या चौघांना एकच घर दाखवलं तर चौघं चार गोष्टी सांगतील.

मराठीत तर शब्दापासूनच घोळ आहे. ‘बाल अत्याचार’ म्हटलं की पेपर वाचणारा माणूस लैंगिक अत्याचारच समजतो, मारहाण त्याच्या डोक्यातच येत नाही. मारहाणीला आपल्याकडे ‘धाक’, ‘वळण लावणं’, ‘दोन धपाटे दिले’ असे घरगुती शब्द आहेत आणि त्या शब्दांत गुन्हा दिसतच नाही. हेळसांडीसाठी सगळ्यात जवळचा शब्द ‘आबाळ’, पण ‘पोराची आबाळ झाली’ या वाक्यात करणारा कोणीच नाही, ती नुसती ‘होते’, पाऊस पडतो तशी. कायद्याला मात्र करणारा हवा असतो, आणि मला वाटतं सगळी अडचण इथेच आहे: मुलाचं काय झालं हे बघायचं, की मोठ्याने काय केलं आणि कशासाठी केलं हे बघायचं?

सुरुवात त्यातल्या त्यात सोप्या टोकापासून झाली. १९४६ मध्ये अमेरिकेत जॉन कॅफी या डॉक्टरने काही तान्ह्या बाळांच्या डोक्यात रक्तस्राव आणि हातापायाची हाडं मोडलेली असं एकत्र पाहिलं आणि लिहून ठेवलं. मग १९६२ मध्ये डेन्व्हरच्या हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ हॉस्पिटलांतून माहिती मागवली, वर्षभरात ३०२ केसेस निघाल्या, त्यातली ३३ मुलं गेली आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली. एक्सरेवर एक हाड नुकतंच मोडलेलं, दुसरं अर्धवट जुळलेलं, तिसरं कधीच जुळून गेलेलं दिसतं आणि आईबाप सांगतात पाळण्यातून पडलं. इथे व्याख्या लागत नाही, एक्सरेच बोलतो. पण पुढे याच चौकटीत उपासमार, टोमणे, अंधारात कोंडणं, शाळेत न पाठवणं हे सगळं येत गेलं आणि त्यातलं बरंचसं कुठल्याच एक्सरेत दिसत नाही.

आपल्या कायद्यात हा ताण फार स्पष्ट दिसतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ बघा. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारलं, टाकून दिलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यातून ‘अनावश्यक’ मानसिक किंवा शारीरिक त्रास होण्यासारखा असेल तर शिक्षा. आता अनावश्यक म्हणजे काय, आवश्यक त्रास पण असतो का? शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, पण घरातल्या माराला असं सरळ कलम नाही. उलट जुन्या दंडसंहितेचं कलम ८९, जे आता न्याय संहितेत २७ झालंय, बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीला संरक्षण देतं. म्हणजे तीच छडी, तोच हात, तोच वळ, पण वर्गात बेकायदा आणि स्वयंपाकघरात ‘भल्यासाठी’. स्वीडनने १९७९ मध्येच घरातला मारसुद्धा बंद केला, जगात पहिल्यांदा.

गोव्याने २००३ च्या स्वतःच्या बाल कायद्यात वेगळी वाट धरली. तिथे छळाच्या व्याख्येत ‘सवयीने असो वा नसो’ असं सरळ म्हटलंय, आणि मुलाची माणूस म्हणून असलेली किंमत कमी करणारं कृत्य किंवा बोलणंसुद्धा छळात धरलंय. मला स्वतःला ही व्याख्या आवडते कारण ती मुलाच्या बाजूला बसून लिहिलेली वाटते. पण इतकी रुंद व्याख्या शिक्षेला जोडली की भांडणात लागलेला एक फटकाही तिच्यात बसायला लागतो. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्याच्याच एका केसमध्ये सांगितलं की शाळेच्या दप्तराचा एक साधा फटका, मागे मुद्दाम किंवा सतत छळल्याचा पुरावा नसेल तर, या कायद्याखालचा बालछळ होत नाही. हेतू परत आलाच.

उलट बाजूने पण होतं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने बारा वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये कपड्यावरून केलेला स्पर्श पॉक्सोखालचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचा, लैंगिक हल्ला नाही, कातडीला कातडी लागायला हवी, असा अर्थ लावला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, महत्त्व लैंगिक हेतूला आहे असं सांगून. व्याख्येतल्या एका शब्दाच्या अर्थावर किमान तीन वर्षांची शिक्षा की एक वर्षाची हे ठरत होतं, आणि ती मुलगी दोन्ही अर्थांत तीच होती.

चालीरीतींचा प्रश्न याहून अवघड. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की ‘डंबा’ देतात, म्हणजे तापवलेल्या विळ्याचे चटके त्याच्या पोटावर. देणारा भूमका, म्हणजे गावचा वैदू, असतो किंवा घरातलंच म्हातारं माणूस, बाळ वाचावं म्हणूनच देतात, आणि दवाखाना लांब असतो. त्या हाताला छळणारा हात म्हणवत नाही, आणि ते भाजलेलं पोट बघितल्यावर छळ नाही असंही म्हणवत नाही. माझं मत विचाराल तर बाळाच्या बाजूने ती इजाच आहे आणि थांबवलीच पाहिजे, पण त्या आजीला तुरुंगात टाकून ती थांबेल असं वाटत नाही.

मोजणीचंही तेच. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास आला, त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. मंत्रालयाने मुलांना विचारलं म्हणून हा आकडा आला, पोलिसांच्या नोंदी बघितल्या असत्या तर त्याचा तुकडाही दिसला नसता.

आणि मग हेळसांड, जिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. बीडकडची ऊसतोड घ्या. दिवाळीच्या आसपास जोडपं मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन कारखान्याच्या भागात जातं ते सहा-सहा महिने. पोरं सोबत नेली तर शाळा बुडते, गावी आजीजवळ ठेवली तर आई नाही, हंगामी वसतिगृह सगळीकडे नाही. पहाटे अंधारात आई कोपीतून, म्हणजे झोपडीतून, निघते, तान्हं उसाच्या फडाच्या कडेला झोळीत, आणि सात-आठ वर्षांची बहीण त्याला झोके देत बसलेली, तिच्याच हातात पाण्याची बाटली आणि फडक्यात भाकरी. डॉक्टरच्या व्याख्येने ही दोन्ही मुलं हेळसांडीतली आहेत: लसी चुकतात, वजन घटतं, शाळा नाही. कायद्याच्या व्याख्येने आई दोषी नाही कारण ती जाणूनबुजून काहीच करत नाही, कोयता थांबला तर उचल फिटत नाही. मुकादम आणि कारखाना यांच्या ताब्यात ते मूल नाही, त्यामुळे कलम ७५ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.