क्षयाचा संसर्ग आणि क्षयाचा आजार: स्वयंसेवकाने नेमकी कोणती चाचणी करावी?

रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाण्याच्या अर्जात ‘क्षयरोग चाचणी’ अशी एक ओळ असते आणि त्या ओळीवरून लातूर-नांदेडपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत तोच तो घोळ चाललेला दिसतो. कोणी खोकला नसतानाही थुंकी तपासून ‘निगेटिव्ह’चा कागद जोडतो, कोणी छातीचा एक्स-रे जोडून मोकळा होतो, आणि कोणाची हातावरची मॉन्टू चाचणी पॉझिटिव्ह आली की घरात ताट-वाटी वेगळी काढण्यापर्यंत मजल जाते. मुलगी असेल तर डॉक्टरांच्या आधी स्थळांची चिंता सुरू होते.

आजाराबद्दल फारसे सांगायला नको. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटत जाणारे वजन, आणि निदानासाठी थुंकीची तपासणी किंवा सीबीनॅट (थुंकीतल्या जंतूंची जनुकीय चाचणी), हे गावोगावच्या आशाताईंनी घरोघर पोहोचवलेले आहे.

गोंधळ आहे तो संसर्गाचा. क्षयाचे जंतू श्वासावाटे शरीरात शिरतात, प्रतिकारशक्ती त्यांना कोंडून ठेवते आणि ते तसेच वर्षानुवर्षे पडून राहतात. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, त्याचा एक्स-रे सहसा स्वच्छ असतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि त्याच्यापासून कोणालाही लागण होत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. म्हणजे ज्यांच्या ताट-वाट्या वेगळ्या काढायच्या, त्यांची रांग घरातल्या प्रत्येक तिसऱ्या माणसापर्यंत जाईल. या संसर्गितांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे असतील तर हा धोका वाढतो. थुंकीची तपासणी आणि एक्स-रे ‘आज आजार आहे का’ या प्रश्नाचे उत्तर देतात. हातावरची मॉन्टू आणि रक्ताची इग्रा या चाचण्या ‘जंतूंशी शरीराची कधी गाठ पडली आहे का’ एवढेच सांगतात. म्हणून मॉन्टू पॉझिटिव्ह आली यावरून ‘टीबी झाला’ असे म्हणता येत नाही, आणि निगेटिव्ह आली म्हणून ‘टीबी नाही’ असा दाखला देणे त्याहून वाईट, कारण अशक्त झालेल्या खऱ्या रुग्णातही ती निगेटिव्ह येऊ शकते. असे दाखले तरीही सर्रास दिले जातात, याची मला खरोखर चीड येते.

मॉन्टू वाचण्यातही हयगय होते. हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या थरातच ०.१ मिलिलिटर द्रव टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी प्रतिक्रिया मोजतात. मोजायचा असतो तो कडक फुगवटा. लाली कितीही पसरलेली असली तरी ती हिशेबात धरायची नाही. जाणकार परिचारिका बॉलपेन बाहेरच्या कातडीवरून फुगवट्याकडे हळूहळू सरकवते, जिथे टोक अडते तिथे खूण करते, दुसऱ्या बाजूनेही तसेच करते आणि दोन खुणांमधले अंतर हाताच्या आडव्या दिशेने मिलिमीटरमध्ये मोजते. आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठी साधारणपणे १० मिलिमीटर, तर एचआयव्हीबाधितांसाठी ५ मिलिमीटर ही मर्यादा धरतात. मोबाइलवर फोटो पाठवून ‘किती आहे, सांगा’ असे विचारणे निरर्थक आहे, कारण कडकपणा बोटालाच कळतो.

क्षयाविरुद्धच्या बीसीजीच्या लसीमुळे मॉन्टू खोटी पॉझिटिव्ह येते हे खरे आहे, पण जन्मतः घेतलेल्या लसीचा हा परिणाम काही वर्षांत बराच ओसरतो. विशीतल्या मुलाचा मोठा फुगवटा केवळ लसीच्या माथी मारू नये. इग्रा ही रक्ताची चाचणी बीसीजीमध्ये नसलेल्या प्रथिनांवर आधारलेली असल्याने लसीने फसत नाही आणि ती एकाच फेरीत होते. परवडत असेल तर मी इग्राच सुचवेन, मात्र नमुन्यावर ठरावीक तासांत प्रक्रिया व्हावी लागते, म्हणून रक्त जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन द्यावे. इग्राच्या नावाखाली प्रतिपिंडांची ‘टीबी आयजीजी-आयजीएम’ चाचणी मात्र कोणी गळ्यात मारू लागल्यास सरळ नकार द्यावा. क्षयाच्या निदानासाठी तिच्यावर भारतात २०१२ पासूनच बंदी आहे.

खोकला-ताप नसेल तर स्वयंसेवकाने संसर्गाची चाचणी करावी आणि ती काम सुरू करण्यापूर्वी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लागण झाल्यावर चाचणी पॉझिटिव्ह व्हायला साधारण दोन ते आठ आठवडे लागतात. सुरुवातीची नोंदच नसेल, तर पुढे वॉर्डात क्षयरुग्णाशी संपर्क आल्यावर पॉझिटिव्ह आलेला निकाल जुना की नवा, हे कोणीच सांगू शकत नाही. लक्षणे असतील तर मॉन्टूच्या वाटेला न जाता आधी थुंकी तपासावी. पूर्वी क्षयाचा उपचार झालेल्याने किंवा चाचणी एकदा पॉझिटिव्ह आलेल्याने ती पुन्हा करून घेऊ नये. त्याच्यासाठी लक्षणांची चौकशी आणि एक्स-रे पुरेसा असतो.

प्रथमच पॉझिटिव्ह आल्यास एक्स-रे आणि लक्षणे पाहून आजार नसल्याची खात्री करतात, आणि मग प्रतिबंधक गोळ्यांचा विचार होतो: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. आजार नाकारण्यापूर्वी या गोळ्या सुरू करणे धोक्याचे, कारण अपुऱ्या औषधाने जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. आजार नसलेल्या संसर्गिताला सेवेपासून दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

मॉन्टूच करायची असेल, तर तालुक्याहून एसटीने येणाऱ्याने ती गुरुवारी टोचून घेऊ नये. वाचनाचे दिवस शनिवार-रविवारी येतात, बाह्यरुग्ण विभाग बंद असण्याची शक्यता असते, आणि ७२ तास उलटल्यावर दिसणारा सपाट हात निगेटिव्ह म्हणून धरता येत नाही.